रिपोर्टवर नाव आईचं, मोबाइल नंबर दादाचा

डोंबिवलीत मानपाडा रोडवर एखाद्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहून बघा. पेशंट म्हणजे पासष्टी-सत्तरीची बाई, बाकड्यावर बसलेली, मांडीवर पर्स, कापडी पिशवीत जुनी फाइल. फॉर्म भरत असतो मुलगा, नाहीतर सून, नाहीतर जावई. नाव बाईचं, वय बाईचं आणि मोबाइलच्या रकान्यात नंबर फॉर्म भरणाऱ्याचा. काउंटरवरची मुलगीही तेच गृहीत धरते. ‘रिपोर्ट व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू?’ हे ती बाईकडे बघून विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की त्या रकान्यात बाईचाच नंबर असावा. मी ठाण्यात विम्याचं काम करते. फॉर्म भरून घेणं हेच माझं पोट. पॉलिसी बाईच्या नावावर असेल तर तिच्या मुलाला मी सही करू देत नाही. मग तो कितीही घाईत असो आणि हप्ता तोच भरत असो. पण त्याच बाईच्या गळ्यातल्या गाठीत काय निघालं हे आधी मुलाला कळतं, मग सुनेला, मग पुण्याच्या भावाला, बोरिवलीच्या मावशीला. तिला सर्वांत शेवटी, आणि तेही गाळून. याला आपण काळजी म्हणतो.

आमच्या घरी हे सगळं एका चक्करीपासून सुरू झालं. आई एकाहत्तर वर्षांची, डोंबिवली पूर्वेला एकटी राहते. उन्हाळ्यात तिला उठता-बसता गरगरायला लागलं, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर करायला सांगितला. रक्तवाहिन्या ठीक होत्या. पण रिपोर्टच्या अगदी तळाशी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ होती : थायरॉईडच्या उजव्या बाजूला दोनेक सेंटिमीटरची गाठ. मग थायरॉईडची सोनोग्राफी. त्यात ‘टायरॅड्स ४’. मग ‘एफएनएसी करून घ्या’.

त्या संध्याकाळीच पुण्याहून दादाचा फोन आला. ‘आईला काही सांगायचं नाही. थायरॉईडची साधी तपासणी आहे म्हण.’

आता ही आई कोण? कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून देण्यात जिची उमेदीची वर्षं गेली ती बाई. त्या काळात कोणाच्या घरची वाईट बातमी घरच्यांच्या आधी ऑपरेटरला कळायची. ‘अर्जंट’ आणि ‘लायटनिंग’ कॉल कशासाठी बुक होतात हे तिला आवाजावरून समजायचं आणि स्वतःचा आवाज न हलवता ती पलीकडच्याला ‘बोला’ म्हणायची. अशा बाईपासून फोनवर काही लपवायचं म्हणजे कमालच. मी दादाला सांगितलं, की मी सांगणार. तो रागावला. मी डोंबिवलीला गेले, तर तिने दार उघडतानाच विचारलं, ‘तू कामाच्या दिवशी दुपारची आलीस. मानेत सुई घालायचीय ना? म्हणजे साधं नाही ते.’

सगळं ऐकून घेतल्यावर तिचा पहिला प्रश्न कॅन्सरबद्दल नव्हता. ‘आवाज जाईल का?’ असं तिने विचारलं. त्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे, कारण तो तिच्याऐवजी आम्ही कोणीच विचारला नसता.

एफएनएसी ही भीती वाटावी अशी गोष्ट नाही, हे आधी सांगून टाकते. रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक सुई, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत गाठीत घालतात, दोन-तीनदा आत-बाहेर करतात आणि आलेल्या पेशी काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात. बहुधा भूलही लागत नाही. काही मिनिटांत माणूस उठून बसतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी डॉक्टरांना सांगायची, एवढंच पथ्य. ‘गाठीला सुई लावली की ती भडकते’ असं आमच्या मजल्यावरच्या दोघींनी सांगितलं. थायरॉईडच्या बाबतीत सुईच्या वाटेने रोग पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. ‘काकू, आता गिळायचं नाही आणि बोलायचं नाही’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आईने हाताने ‘बरं’ म्हटलं. तिच्या हयातीत तिला कोणी बोलू नका म्हटल्याचं मला आठवत नाही.

खरा त्रास नंतरचा, रिपोर्ट येईपर्यंतचा. आणि त्यानंतर आमच्या घरी जे झालं ते अनेक घरांत होत असणार. लॅबच्या फॉर्मवर नंबर दादाचा गेला होता, कारण त्यानेच पुण्याहून ऑनलाइन बुकिंग केलं होतं. रात्री साडेदहाला त्याच्या फोनवर पीडीएफ आली. पूर्ण इंग्रजी. तळाला ‘बेथेस्डा कॅटेगरी ३’. दादा इंजिनीअर आहे, हुशार आहे. त्याने वाचलं : थर्ड स्टेज. सोनोग्राफीतला ‘४’ त्याच्या डोक्यात आधीच फोर्थ स्टेज होऊन बसला होता. त्याने मला फोन केला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं.

यातला एकही आकडा स्टेजचा नाही. टायरॅड्स हा सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्याचा दर्जा आहे : १ ते ५, कितव्या दर्जाची गाठ केवढी असली तर सुई घालायची ते त्यावरून ठरतं. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या पद्धतीत ४ असेल तर दीड सेंटिमीटरपासून पुढे एफएनएसी सुचवतात. बेथेस्डा हे अमेरिकेतलं मेरीलँडमधलं गाव. तिथे २००७ साली तज्ज्ञांची बैठक झाली आणि सुईतून आलेल्या पेशींचं वर्णन जगभर एकाच भाषेत व्हावं म्हणून सहा वर्ग ठरले. १ म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत. २ म्हणजे साधी गाठ. ६ म्हणजे कॅन्सर. ३ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण त्याचा अर्थ नक्की लावता येत नाही. २०२३च्या आवृत्तीप्रमाणे दुसऱ्या वर्गात कॅन्सर निघण्याची शक्यता सरासरी ४ टक्के, तिसऱ्यात २२ टक्के, सहाव्यात ९७ टक्के. म्हणजे आईसारख्या शंभर जणींपैकी पंच्याहत्तरहून अधिक जणींच्या गाठी साध्याच निघतात. हे वाक्य त्या पीडीएफमध्ये नव्हतं. ते मराठीत, एका ओळीत, रिपोर्टखाली छापायला कितीसा खर्च येतो?

महापालिकांना माझी एक फुकटची सूचना. डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कल्याणचं रुक्मिणीबाई, कळव्याचं शिवाजी महाराज रुग्णालय, इथे ओपीडीच्या भिंतीवर हे सहा वर्ग मराठीत लावा. थायरॉईडच्या गाठी बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. थायरॉईडचा कॅन्सरही बायकांत सुमारे तिप्पट. भिंत वाचणारे डोळे तिथे रोज रांगेत उभे असतात.

पण माझा मुद्दा फक्त घाबरण्याचा नाही. थायरॉईडची गाठ हा असा आजार आहे की त्यात पेशंटला खरोखर काहीतरी ठरवायचं असतं. हृदयविकाराचा झटका आला तर कोणी मत विचारत बसत नाही, आणि विचारूही नये. इथे तसं नाही. पुन्हा सुई घालायची, की काही महिने सोनोग्राफी करत वाट बघायची, की ऑपरेशन? ऑपरेशन तर अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण? पूर्ण काढली तर जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. ग्रंथीच्या मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी असतात. त्यांना धक्का बसला तर हातापायांना मुंग्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्याच. आणि ग्रंथीच्या मागूनच दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राच्या नसा जातात. आईने विचारलेला प्रश्न तो हा. अनुभवी सर्जनच्या हातात या नसेला कायमची इजा क्वचित होते, तात्पुरता घोगरेपणा त्याहून जास्त जणांना येतो. पण क्वचित म्हणजे शून्य नाही, आणि आवाजाची किंमत प्रत्येक घरात सारखी नसते. दादाला वाटतं, जीव वाचला तर आवाजाचं काय एवढं. आईचा निम्मा दिवस फोनवर जातो, तिच्या जुन्या ऑपरेटर मैत्रिणी नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत पसरल्या आहेत. तिचा हिशोब वेगळा आहे आणि तो तिलाच मांडता येईल.

पेशंटला न विचारता, न सांगता, शोधत सुटलं की काय होतं ते दक्षिण कोरियात दिसलं. १९९९ पासून तिथे सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. त्यात थायरॉईड नव्हता. पण दवाखान्यांनी थोड्याशा जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये तिथे थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे ज्या बारीक गाठींनी कधी त्रास दिला नसता त्याही शोधून कापल्या गेल्या. ऑपरेशन झालेल्या पंधरा हजारांहून अधिक लोकांच्या विम्याच्या दाव्यांत ११ टक्के जणांच्या कॅल्शियमच्या ग्रंथी मंदावलेल्या आणि २ टक्के जणांच्या स्वरतंतूंना लकवा झालेला आढळला. विम्याचे दावे मीही हाताळते, म्हणून हा आकडा मला जास्त लागला. २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनीच जाहीर पत्र काढून ही तपासणी थांबवायला सांगितलं. आज डोंबिवली स्टेशनच्या आसपास ‘फुल बॉडी चेकअप’चे बोर्ड बघताना मला ते पत्र आठवतं. त्रास नसताना, हाताला काही लागत नसताना गळ्याची सोनोग्राफी पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून करू नका. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीनेही २०१७ मध्ये लक्षणं नसलेल्यांची अशी चाचपणी नको असंच सांगितलं आहे.

उलट जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या थायरॉईड कॅन्सरवर लगेच ऑपरेशन न करता नजर ठेवायला सुरुवात केली. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के गाठी तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढल्या, ज्येष्ठांमध्ये तर आणखी कमी. आईची गाठ त्याहून मोठी आणि अजून कॅन्सर ठरलेलीही नाही, त्यामुळे ते तिला जसंच्या तसं लागू नाही. पण तिथेही पद्धत अशी, की दोन्ही रस्ते पेशंटपुढे ठेवतात आणि एक ती निवडते.

इथे एक बाजू झाकून ठेवणं अप्रामाणिक होईल. ‘थायरॉईडचा कॅन्सर म्हणजे चांगला कॅन्सर’ असं आता सर्रास म्हणतात. मला ते वाक्य आवडत नाही. पॅपिलरी प्रकार, जो सर्वांत जास्त आढळतो, तो बहुतेकांमध्ये संथ आणि बरा होणारा असतो हे खरं. पण वय पंचावन्नच्या पुढे गेलं की हाच आजार जास्त गंभीर धरतात आणि वयस्कर माणसांत क्वचित एक अत्यंत आक्रमक प्रकारही होतो. गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, दगडासारखी घट्ट लागली, आवाज बसला तो बसलाच, गिळताना-श्वास घेताना अडायला लागलं, तर पॅकेज, लेख आणि व्हॉट्सॲप सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अशा वेळीही सांगायचं पेशंटलाच, फक्त लवकर.

‘टाटाला नेऊया’ हे आमच्याकडे मावशीने पहिल्याच दिवशी म्हटलं. आपल्याकडे या दोन शब्दांनी घरातले दिवे मंद होतात. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे, आणि तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, जिथे थायरॉईडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन देतात. गरज पडली तर आम्ही जाऊ. डोंबिवलीहून परळ साधारण चाळीस किलोमीटर. फास्ट गाडी, दादरला उतरून स्लो. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसायला मिळतं, हे बोर्डावर आजवर हजारदा वाचलं असेल, पण त्या बोर्डाकडे आता वेगळ्या नजरेने बघितलं जातं. तरी बेथेस्डा ३ घेऊन लगेच परळला धावायची गरज नसते. पुढची तपासणी इथे, कल्याण-डोंबिवली-ठाण्यातच होते. दुसरं मत हवं असेल तर एफएनएसीच्या काचा लॅबकडून मागून घेता येतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. नुसत्या पीडीएफवर दुसरं मत मागणं म्हणजे अर्धीच माहिती देणं.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल मी आमच्या एजंटांच्या बैठकीत दोनदा सांगितला आहे. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. आत जे दिसलं त्यावरून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारलं, आईने हो म्हटलं आणि गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, की जीव धोक्यात नव्हता, पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं; आईची संमती ही तिची संमती नव्हे. आमच्या घरात नाती उलटी आहेत एवढंच. मुलांचा होकार हा आईचा होकार नाही. महाराष्ट्रात तर २०२१ पासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं नियमाने बंधनकारक आहे. पुढच्या वेळी वाट बघत बसाल तेव्हा ती शोधा.

दादाची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. आईला बीपी आहे. कॅन्सरचा विषय निघाला की तिच्या एका बहिणीचं नाव घरात कोणी काढत नाही. सांगितलं आणि तिने जेवणच सोडलं तर? शिवाय तो लांब आहे. लांब असलेल्या मुलाला आईचं भय कमी करण्याचा एकच मार्ग हाताशी असतो, तो म्हणजे गप्प बसणं. आणि काही माणसांना खरंच सगळं जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्क. पण ‘मला सांगू नका’ हे तिने म्हणायचं असतं, आपण तिच्या वतीने नाही. मी आईला विचारलं होतं, ‘किती ऐकायचंय?’ ती म्हणाली, ‘आकडे सांग. धीर नको देऊस.’ दुसरी कोणी म्हणेल, मला फक्त पुढे काय करायचं ते सांगा. दोन्ही बरोबर. विचारायला मात्र हवं.

शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेली आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा तिने कारण सांगितलं होतं, की इथल्या बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरपुढे मांडायला कचरतात. १८८६ मध्ये ती पदवीधर झाली, पुढच्याच वर्षी गेली. आज डोंबिवलीत दर दुसऱ्या इमारतीत एखादी डॉक्टरीण आहे. दुखणं सांगायला बाई आता कचरत नाही. सांगून झालं की तिच्या डोक्यावरून मागे बसलेल्या मुलाशी बोलणं सुरू होतं, तेवढी एक सवय राहिली आहे, आणि ती डॉक्टरांइतकीच आपलीही आहे. आमच्या डॉक्टरांनीही पुढचे पर्याय सांगायला सुरुवात केली ती माझ्याकडे बघूनच. आई म्हणाली, ‘डॉक्टर, गाठ माझ्या गळ्यात आहे.’ ते हसले, खुर्ची वळवली, कागदावर ग्रंथीचं चित्र काढलं आणि मग नीट, मराठीत, तिला सगळं समजावलं. त्याला फार वेळ लागला नाही.

तिने ठरवलं, की तीनेक महिन्यांनी पुन्हा एफएनएसी करायची. तोवर ऑपरेशन नाही. पुन्हा ३ च आला तर उजवी बाजू काढायची, पूर्ण नाही. आणि सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतो हे आधी विचारायचं. दादाच्या मते थांबणं म्हणजे जोखीम, आताच काढून टाकावं. त्याचा तो मुद्दा अजिबात वेडगळ नाही. असं करणारेही असतात आणि त्यांचंही चुकत नाही. ते दोघे रोज रात्री फोनवर यावरून भांडतात. मला ती भांडणं ऐकायला बरी वाटतात, कारण आता त्यात आई आहे.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. दादा पुण्याहून येणार म्हणतो. आईने त्याला सांगितलंय, ‘ये, स्टेशनवरून रिक्षा करून ये, दगदग करू नकोस. डॉक्टरांशी बोलायचं काम माझं.’